परतणाऱ्यांची उपासना कधी?

प्रिय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मिशनकार्यासाठी निघालेल्या तरुणांच्या निरोपाच्या उपासनेचा फोटो गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पाहिला. मध्ये गुडघे टेकलेली मुलंमुली, त्यांच्या डोक्यांवर हात ठेवून प्रार्थना करणारे वडीलजन, आणि कडेला डोळे पुसणारी कुणाची तरी आई. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फोटोत डावीकडून तिसरी मी होते. सहा महिन्यांसाठी गेले होते, चौथ्या महिन्यात परत आले. त्या फोटोखाली जे लिहिलेलं नसतं, त्याबद्दल हे पत्र.

आमची तयारी बारा शनिवार चालली. साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, तीन मिनिटांत कशी सांगायची, प्रार्थनापत्र कसं लिहायचं, प्रवासखर्चासाठी ओळखीच्यांकडे न लाजता कसं मागायचं, हे सगळं शिकवलं. मागण्याचं मला शेवटपर्यंत जमलं नाही. मी पाकीट हातात द्यायचे आणि समोरच्याने ते उघडण्याआधीच सटकायचे. तरीही पैसे जमले, ते कसे ते मला आजही कळलेलं नाही.

व्यवहाराच्या गोष्टी मात्र एका कागदावर उरकलेल्या होत्या. त्यात लिहिलं होतं, ‘यलो फीव्हरची लस’. बस. ही लस पहिल्यांदा घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, हे त्यात नव्हतं. मी निघायच्या सहा दिवस आधी ती टोचून घेतली. गट पुढे गेला आणि मी पाच दिवसांनी एकटी. तेवीस किलोंची बॅग, त्यात अर्धं सामान दवाखान्याचं, आणि विमान बदलायच्या जागी सात तास बसून राहणं. भीती वाटली नाही असं साक्षीत सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. आता ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं (2016 पासून तसा नियमच आहे), म्हणून ते पिवळं कार्ड जपून ठेवलंय.

हिवतापासाठी रोज डॉक्सिसायक्लीनची एक गोळी होती. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावरही पूर्ण चार आठवडे चालू ठेवायची. कारण दवाखान्यातल्या सिस्टरने समजावलं: डास चावल्यावर जंतू आधी यकृतात दडून बसतो आणि नंतर रक्तात उतरतो. ही गोळी त्याला मुख्यतः रक्तातच गाठते. म्हणजे तुम्ही घरी पोहोचलात तरी तो वाटेतच असतो.

माझं काम साधं होतं. मी नर्स नाही. सकाळी मुलांची वजनं लिहायची आणि दंडाला रंगीत पट्टी गुंडाळून घेर मोजायचा. 115 मिलिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. 125 च्या पुढे हिरवा. दीड वर्षांची एक मुलगी होती, तिची पट्टी तीन आठवडे लालच राहिली. चौथ्या आठवड्यात पिवळ्यावर आली तेव्हा मी वहीत आकड्याला दोनदा गोल केला. त्यानंतरच्या सोमवारी खाट रिकामी होती. तिच्या आईशी बोलायला माझ्याकडे तिच्या भाषेतले जेमतेम वीस शब्द होते आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. बारा शनिवारांतले निम्मे जरी भाषेला दिले असते तर, असं अजून वाटतं.

मग झोप गेली. तीन आठवडे दोन-दोन तासांवर काढले. तिथल्या डॉक्टरांनीच मला परत पाठवायचं ठरवलं आणि त्यांचं बरोबर होतं.

घरी आल्यावरच्या पहिल्याच रविवारी मला पुढे बोलावलं. साक्षीसाठी पाच मिनिटं दिली होती आणि फोटो दाखवायला पडदाही लावला होता. फोटो नव्हते. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, हा तिथला नियम मला मनापासून पटलेला आहे. किती जणांना प्रभूविषयी सांगितलंस, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने विचारलं, “लवकर आलीस?” ते वाईट हेतूने नसावं. पण रोजची गोळी गिळताना हटकून तेच आठवायचं. रक्तासाठी अठ्ठावीस दिवसांची सोय होती. बाकीच्याची नव्हती.

आपल्या मंडळ्यांना हा विषय नवा वाटायचं कारण नाही. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचा. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर गेलेला तरुण मार्क पर्गाहून परत फिरला. का, ते पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. पुढच्या फेरीत त्याला न्यायचं की नाही, यावरून त्या दोघा वडीलधाऱ्यांचं इतकं बिनसलं की ते वेगळे झाले. आपण पौलाची बाजू हिरिरीने शिकवतो. मार्काला घेऊन कुप्राला (सायप्रसला) गेलेला बर्णबा एका ओळीत संपतो. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलच सांगतो की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे.

इंग्रज मिशनरी हडसन टेलर 1853 मध्ये चीनला निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. 1860 मध्ये तब्येत ढासळून तो इंग्लंडला परतला. त्या मुक्कामात त्याने वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं, निंगपो या चिनी शहराच्या बोलीतल्या नव्या कराराच्या दुरुस्तीवर काम केलं आणि 1865 मध्ये चायना इनलँड मिशन सुरू केलं. मी टेलर नाही, होणारही नाही. पण आजारी पडून आलेल्या माणसाला बसून काम करायला खोली मिळाली होती, एवढंच दाखवायचं आहे.

मागणं फार नाही. परतलेल्याला पहिला महिना पुढे बोलावू नका. त्याच्यासोबत ठरवून तीन-चार वेळा बसेल असं एक माणूस जाण्याआधीच नेमा, शक्यतो स्वतः कधी जाऊन आलेलं. ताप आला तर डॉक्टरांना कुठून आलात ते आधी सांगा, हे त्या कागदावर ठळक लिहा. आणि लशीपुढे दहा दिवसांचंही लिहा.

आमच्या मंडळीचा पुढचा गट सहा महिन्यांनी परतेल. आणायला मी जाणार आहे, पाळकांना तसं सांगून ठेवलंय. तिथे कसं होतं, काय काय झालं, हे सगळं राहू दे. गोळ्या किती उरल्यात, तेवढं गाडीत विचारेन.

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)