तालमी, जर्नल आणि सात लेक्चर्स

महोदय,

ऑगस्ट उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांत पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी रंगात येतात आणि घरोघरी ‘नाटक करायचंय की शिकायचंय?’ हा वादही. १९६३पासून चालत आलेल्या या स्पर्धेला बोल लावण्याआधी पालकांनी, आणि मुलांनीही, एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार बीएस्सीच्या एका सत्राला साधारण २२ क्रेडिट्स असतात. एका क्रेडिटमागे वर्ग, प्रयोगशाळा आणि घरचा अभ्यास मिळून ३० तास धरलेले आहेत. म्हणजे झाले ६६० तास. सत्र पंधरा आठवड्यांचं, तेव्हा आठवड्याला ४४. आठवड्याच्या १६८ तासांतून हे वजा करा. रोजची आठ तास झोप काढा, आंघोळ-जेवण-कपडे यांना रोज अडीच तास द्या, बसच्या प्रवासाला सहा दिवस दोन-दोन तास द्या. तरी साडेअडतीस तास उरतात. तालमीला, कट्ट्याला, मैदानाला एवढे पुष्कळ झाले. शिवाय सहअभ्यासक्रमाची क्रेडिट्स या २२ मध्येच मोडतात. त्यासाठी एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेतलं असेल, तर त्याचे वर्षाचे १२० तास अभ्यास बुडवून केलेले नसतात, तोही अभ्यासच.

मग ऑक्टोबरात रात्री जागाव्या का लागतात? जर्नलमुळे, म्हणजे प्रयोगांच्या वहीमुळे. प्रात्यक्षिकाचे तीन विषय आणि प्रत्येकी दहा प्रयोग धरले, तर तीस प्रयोग लिहायचे. प्रयोग झाला त्याच संध्याकाळी लिहिला, तर आलेख आणि आकडेमोडीसकट पाऊण तास लागतो, कारण वाचनं कशी घेतली ते डोक्यात ताजं असतं. दोन महिन्यांनी तेच काम दीड तासाचं होतं: कच्च्या वहीतली वाचनं लागत नाहीत, एकक लिहिलेलं नसतं, आलेखाचं प्रमाण चुकतं. साडेबावीस तासांचे पंचेचाळीस होतात, आणि तेही नेमके परीक्षेच्या तोंडावर. मग कुणाचं तरी जर्नल उतरवायचं, दोघांची वाचनं दशांशापर्यंत सारखी यायची आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला गाडी अडायची. सही दर आठवड्याला घ्यावी. तीन प्रयोग सर नीट तपासतात; शेवटच्या दिवशी वीस घेऊन गेलात तर पुन्हा लिहायला सांगतात, आणि जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

दुसरा हिशेब हजेरीचा. दोन क्रेडिट्सच्या लेखी विषयाला सत्रात ३० लेक्चर्स. ७५ टक्क्यांची अट म्हणजे २३ हवीत. बुडवायला मिळतात सात. गणपतीला कोकणात आठवडाभर गेलात, दोन संपली. ताप आला, एक गेलं. प्राथमिक फेरीआधीच्या दोन आठवड्यांत सकाळपासून तालीम लावली, आणखी चार. झाली सात! हजेरी प्रत्येक विषयाची वेगळी मोजली जाते, हे बहुतेकांना डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर कळतं. शनिवारी घरी जाऊन सोमवारी दुपारी उगवणाऱ्याचा सोमवारी सकाळचा विषय हमखास अडकतो, बाकी सगळे नव्वद टक्क्यांवर असले तरी. म्हणून तालीम संध्याकाळीच ठेवावी आणि दिग्दर्शकाने कोणत्या प्रवेशाला कोण लागणार हे आदल्या दिवशी सांगावं. दोन वाक्यं असलेला मुलगा रोज चार तास विंगेत बसून मोबाइल बघतो, त्याला ना नाटक म्हणता येत ना अभ्यास.

गॅदरिंगच्या कमिट्यांचंही असंच. कमिटी निवडताना ती दिवसाचे कोणते तास खाते ते बघावं. प्रायोजक मिळवायचं काम दुकानं-कचेऱ्या उघड्या असतानाच होतं, म्हणजे थेट लेक्चर्सवर घाला. सजावट रात्री जागवते, पण शेवटचे चार-पाच दिवसच. प्रात्यक्षिकं जड असतील तर सजावट परवडते. एका सत्रात एकच पद घ्यावं. दोन घेणाऱ्याचं एक काम शेवटी मैत्रीण करते, आणि तिचंही जर्नल रखडतं.

आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र पूर्ण मोकळी हवी. पुस्तक उघडं ठेवून गप्पा मारल्या की दोन्ही बिघडतं.

कॉलेजांकडूनही थोडी अपेक्षा आहे. करंडकाच्या फेऱ्या साधारण कोणत्या दिवसांत असतात हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतं. अंतर्गत चाचणी त्याच आठवड्यात लावू नये. तिन्ही विभागांनी जर्नल जमा करण्याची तारीख एकच न ठेवता आठ-आठ दिवसांच्या अंतराने ठेवावी, आणि ती सत्राच्या पहिल्याच आठवड्यात फलकावर लावावी. याला वेगळा निधी लागत नाही. तीन विभागप्रमुखांनी जूनमध्ये अर्धा तास एकत्र बसलं तरी पुरे.

— विज्ञान शाखेचा एक अध्यापक, पुणे