मृग दिसतो थंडीत, मग लागतो जूनमध्ये कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मृग नक्षत्र लागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि हे पत्र लिहायला बसलो. सिन्नर तालुक्यात माझी शेती आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा याच हिशेबाने ४० वर्षं पेरणी करत आलो.

जानेवारीत गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाइट होती. मी दारं धरायला निघालो, तर सातवीतली नात हट्टाने बरोबर आली. आठ वाजले असतील. पूर्वेला चिंचेच्या वर मृगाचं तिकांडं आलेलं. तिला दाखवलं: हे ओळीतले तीन तारे म्हणजे बाण, भोवतीचे चार हरणाचे पाय, बाणाच्या रेषेत खाली झगझगतोय तो व्याध. त्याच रेषेत वर गेलं की तांबूस रोहिणी, आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा झुबका. पोरीने विचारलं, "आजोबा, मृग तर आत्ता दिसतोय. मग तो जूनमध्ये लागतो कसा?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं तोंडात असलेला शब्द, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तिने लगेच मोबाइल मागितला. मी दिला नाही. म्हटलं, आपण बघत राहू.

कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, औषधाचं प्रमाण मी मोबाइलवरच बघतो. तिथे थांबून चालत नाही. पण मृगाला कसली घाई होती? तरी खरं सांगतो, त्या महिन्यांत रात्री अंथरुणावर पडल्यावर माझाच हात कितीदा तरी मोबाइलकडे गेला. पोरीला नाही म्हटलं होतं, म्हणून आवरला.

ती दर रविवारी आठ वाजता गच्चीवर, पाण्याच्या टाकीशी उभी राहून वहीत चित्र काढायची. फेब्रुवारी संपताना मृग जवळजवळ डोक्यावर आला. एप्रिलअखेर मावळतीच्या डोंगराकडे उतरला. मधेच एकदा तिच्या लक्षात आलं की एका महिन्यात दहाला जिथे दिसला, तिथेच पुढच्या महिन्यात आठला दिसतो. महिन्याला दोन तास, म्हणजे रोज चार मिनिटं. बारा महिन्यांचे चोवीस तास, म्हणजे वर्षाने परत त्याच जागी! हा हिशेब तिने स्वतः मांडला, आणि मला हाक मारत जिना उतरली.

मेच्या शेवटी मृग दिसेनासा झाला. दोन रविवार वही कोरी. मग जेवताना अचानक म्हणाली, "आजोबा, तो सूर्याबरोबरच बुडतोय. सूर्यच त्याच्याजवळ गेलाय." सूर्य मृगात जातो तो ८ जूनच्या आसपास, आणि त्यालाच आपण मृग लागला म्हणतो. माझा घास हातातच राहिला. मोबाइलवर हेच उत्तर दोन ओळींत मिळालं असतं आणि सकाळपर्यंत दोघंही विसरलो असतो.

आपल्याला एक विनंती आहे. मुलांच्या पानावर महिन्यातून एकदा असा एखादा प्रश्न छापा, ज्याचं उत्तर अंगणातून किंवा गच्चीतून बघून काढता येईल. मात्र उत्तर पुढच्या महिन्याच्या अंकातच द्या, त्याआधी नको.

जुलैअखेर ढगांनी जागा दिली तर पहाटे पाचला मृग पूर्वेला परत दिसायला हवा, असं नातीचं म्हणणं आहे. तिने मला उठवायला सांगितलंय.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. सिन्नर, जि. नाशिक