सोन्या, बाजारात जात जा

प्रिय सोन्या,

घरी पोचून चार दिवस झाले, बॅग अजून पूर्ण रिकामी केली नाहीये. फोनवर बोलायला घेतलं की तू "हो आई, ठीक आहे आई" म्हणतोस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून लिहूनच पाठवतेय. लांबलचक होणार आहे, रात्री निवांत वाच.

मी बारा दिवस होते तुझ्याकडे. पहिले दोन दिवस तुझ्या तेविसाव्या मजल्याच्या खिडकीतच गेले. तू सकाळी जायचास ते रात्री साडेआठला यायचास, जेवण मोबाईलवरून यायचं, खाली लॉबीत ठेवलेलं असायचं, आणणाऱ्याचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. मला काय खुपलं सांगू का, आठ महिने झाले तुला बँकॉकमध्ये आणि एवढ्या मोठ्या शहरात ऑफिस सोडलं तर तुला चेहऱ्याने ओळखणारं एक माणूस नाही. रविवारी तू दुपारी दोनपर्यंत पडदे ओढून झोपलेला होतास, मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, तुला तेव्हा बोलले नाही.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. तू नको नको म्हणत होतास, भाषा येत नाही, हरवशील, पण मला त्या फुलबाजारात जायचंच होतं. मेट्रोने सनाम चायला उतरले आणि विचारत विचारत पाक ख्लोंग तलातला पोचले. तलात म्हणजे बाजार आणि पाक ख्लोंग म्हणजे कालव्याचं तोंड, हे मला नंतर कळलं. हा बाजार चोवीस तास चालू असतो, खरा जोर मध्यरात्रीनंतर, पण मी सकाळी गेले तरी पोत्याने झेंडू पडलेला होता, बर्फात ठेवलेले ऑर्किडचे जुडगे, कमळाच्या कळ्या, आणि हातगाडीवाले "सरका सरका" म्हणत असणार त्यांच्या भाषेत, कारण सूर अगदी आपला दादरचाच होता. तुला आठवत नसेल, दसऱ्याच्या आदल्या रात्री मी तुला कडेवर घेऊन दादरला स्टेशनबाहेर फुलं आणायला जायचे आणि तू झेंडूच्या ढिगात हात घालायचास. तिथे उभं राहिल्यावर मला एकदम तोच ओला वास आला, पाय तिथेच थबकले.

एक बाई मोगऱ्याचा हार करत बसली होती, माझ्याच वयाची असेल. आपण गजरा करताना दोन कळ्या इकडे दोन तिकडे ठेवून दोऱ्याची गाठ मारतो, सुई लागत नाही. तिची तऱ्हा निराळी. हातभर लांब सुई, तिला व्हॅसलीन चोळायचं म्हणजे फुलं सरकतात, मग मोगऱ्याच्या कळ्या गोलाकार एकेक टोचत जायच्या, एक फेरी झाली की बोटाने खाली दाबायची, पुढची फेरी आधीच्या दोन कळ्यांच्या मधल्या जागेत. सुई भरली की सगळा दांडा एका दमात दोऱ्यावर ओढून घ्यायचा, एक कळी दुमडत नाही की तुटत नाही. अशा हाराला म्हणतात फुआंग मालाई, आणि मालाई म्हणजे आपली मालाच रे! मोगऱ्याला म्हणतात मली, आपल्या मल्लिकेतलं. हे सगळं तुझ्या ऑफिसातल्या त्या थाई मुलीने तुला सांगितलं आणि तू मला सांगितलंस, तेव्हा बघ तूसुद्धा किती खूश झाला होतास.

आणि त्या हारात पांढरी मेणासारखी फुलं होती, मी हातात घेऊन बघते तर रुई! आपण दर शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती रुई. तिथे तिच्या फुलाला डॉक राक म्हणतात, आणि राक म्हणजे प्रेम, म्हणून लग्नाच्या हारात ते फूल हमखास असतं. मी खुणेनेच सांगितलं की आमच्याकडे हे देवाला घालतात, हात जोडून दाखवले, तर तिनेही हात जोडले आणि मला स्टूल सरकवलं. मी तिच्या परडीतला दोरा घेतला आणि आपल्या पद्धतीने वीतभर गजरा करून दिला. तिने तो उलटसुलट करून गाठी बघितल्या, शेजारणीला हाक मारून दाखवला आणि मग स्वतःच्या अंबाड्यात खोचला. सोन्या, बाबा गेल्यानंतर इतकं बरं मला कुठेच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पाऊस आला, तिकडचा पाऊस म्हणजे नळ सोडल्यासारखा, आणि माझा मोबाईल बंद पडला. तू काळजीने वेडा झाला होतास ते माहितीये आणि त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, पण मी त्या दोन तासात अगदी सुरक्षित होते, तिच्या ताडपत्रीखाली. पाऊस चालू असताना ती मला परत परत काहीतरी विचारत होती, "किन खाओ रू यांग", मला वाटलं पत्ता विचारतेय. मग तिनेच हाताने घास दाखवला. तुला रात्री तसंच्या तसं म्हणून दाखवलं तर तुला माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी विचारून आलास. भात खाल्लास का! म्हणजे जेवलीस का. तिथे लोक भेटल्यावर हेच विचारतात, कसं काय म्हणावं तसं. आठ महिन्यांत तुला हे कोणी विचारलं नाही कारण तू अशा कोणाच्या समोर उभाच राहिला नाहीस जो हे विचारेल. रागावून नाही म्हणत, पण खरं आहे.

मग मी रोज जायला लागले. तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर फाहुरात, कापडाचा बाजार. गुरुद्वारा आहे सोनेरी घुमटाचा, तूरडाळ मिळते, आटा मिळतो, जिरं मोहरी सगळं, तुला मी डबे भरून ठेवलेत ते तिथलंच सामान. त्या रस्त्याचं नाव तिकडच्या जुन्या राजाच्या, चुलालाँगकॉर्नच्या, लहानपणीच गेलेल्या मुलीवरून ठेवलंय. गिऱ्हाइकं कापडाचा भाव करत असतात आणि डोक्यावर त्या पोरीचं नाव, मी रोज वर बघूनच पुढे जायचे.

मेक्लोंगचा रेल्वेबाजार, रुळांवरच भरतो तो, तू शनिवारी दाखवलास, छानच होता, गाडी आली की छत्र्या मागे ओढतात, खालच्या टोपल्या जागच्या जागीच आणि गाडी वरून निघून जाते, पण तिथे निम्मे लोक मोबाईल वर धरून उभे होते आणि भाजीवालीला रस्ताच मिळत नव्हता. एक सांगते, बाजारात फोटो काढायचा तर आधी काहीतरी विकत घ्यायचं आणि विचारून काढायचा, ती माणसं पोट भरायला बसलेली असतात.

मला खरा आवडला तो तुझ्या सोइच्या म्हणजे गल्लीच्या टोकाचा सकाळचा बाजार, ज्याला तू "तिकडे काही नाही" म्हणालास. तिथे एक बाई खनॉम ख्रोक करते, सेम आपलं आप्पेपात्र, बिडाचं, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, कडेला कुरकुरीत, आत मऊ लोण्यासारखं, दोन अर्ध्या वाट्या एकमेकीवर चिकटवून देते. मी पहिलं गिऱ्हाईक होते एकदा, तर माझी नोट तिने पातेल्यांना, डब्यांना, परातीला सगळ्यांना टेकवली. भवानी! मी मोठ्याने "भवानी झाली" म्हणाले आणि तीही हसली. तिच्या मागच्या फळीवर एका बाईची छोटी मूर्ती असते, हाताने गिऱ्हाइकाला बोलावणारी, तिला नांग क्वाक म्हणतात.

आठ वाजता त्या बाजारात राष्ट्रगीत लागतं. पहिल्या दिवशी मला कळेचना, मी चालतेय आणि सगळे थांबले, कोयता वर धरलेला नारळवाला तसाच, पिशवी बांधणारी मुलगी तशीच, तव्यावरचं नुसतं चुरचुरत होतं. मीही थांबले. संपल्यावर नारळवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज हलवायला लागला.

खाण्याचं तुला नीट सांगते कारण तू मांसाहार करत नाहीस आणि म्हणून बाहेर खायला घाबरतोस. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असेल तिथलं जेवण शाकाहारी, त्याला तिकडे "जे" म्हणतात, त्यात मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही, म्हणजे आपला चातुर्मासच की. बाकी ठिकाणी नुसतं भाजीचं दिसतं पण त्यात नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी असतं, सोम तम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिच्यातसुद्धा सुकी कोळंबी कुटतात, आधी विचार. आणि विचारताना शेवटी "ख्रप" लाव, पुरुषांनी लावायचा आदराचा शब्द, मी बायकांचा "खा" लावायचे, तेवढ्याने समोरच्याचा चेहरा बदलतो.

तुझ्या बिल्डिंगच्या दारात खांबावरचं छोटं देऊळ आहे ना, वॉचमन रोज सकाळी त्याला हार घालतो. तू त्याच्यासमोरून दिवसातून दोनदा जातोस. ते त्या जागेच्या राखणदाराचं घर आहे, आपल्या कोकणात राखणदार असतो तसंच. एक दिवस तू हार आणून दे त्या वॉचमनला.

आणि हार आणशील तो त्या फुलवाल्या बाईकडूनच आण. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला खुणेने सांगितलं की माझा मुलगा इथेच असतो, तुझा फोटो दाखवला. तिने तुझ्या उंचीची खूण केली, मी आणखी वर हात केला. माझ्या मोबाईलमधला आपल्या घरच्या गणपतीच्या हाराचा फोटो तुला पाठवलाय, तो तिला दाखव, मी कबूल केलंय. पुलाच्या बाजूने आत शिरलास की डाव्या हाताला, निळ्या ताडपत्रीखाली, स्टुलाचा एक पाय दोरीने बांधलेला आहे.

रविवारी जा. लवकर जा, जाताना काही खाऊ नकोस, ती विचारेल. छत्री ने.

तुझी,
आई