मनू, गुरुवारी तालुक्याच्या ऑफिसात एकटी वर जाऊ नकोस

प्रिय मनू,

फोन उचलत नाहीयेस म्हणून लिहितोय. आई म्हणाली काल तिच्याशी बोललीस, खोकला कमी आहे, डबा मिळतोय वेळेवर, ऐकून बरं वाटलं. माझ्यावरचा राग राहू दे पण हे शेवटपर्यंत वाच. रविवारी तू चहा न घेता सहाची एसटी पकडलीस आणि मी ओट्यावर बसून नुसता बघत राहिलो. आक्का दोनदा म्हणाली, जा की रे स्टँडपर्यंत. नाही आलो. स्कूटीची चावी तू शोधत होतीस ना, ती मीच लपवली होती, फ्रिजवरच्या डब्यात आहे. चोवीस वर्षांच्या पोरीची चावी लपवायची म्हणजे काय, मला माझीच लाज वाटली नंतर.

खरं कारण सांगतो. शनिवारी तू मागं शेवग्याच्या शेंगा काढत होतीस तेव्हा एक जण घरी येऊन गेला. नाव लिहीत नाही, पांढऱ्या गाडीवाला म्हटलं की तुला कळेल. आवाज चढवला नाही, उलट माझ्या पाया पडला, पाणी प्यायला आणि म्हणाला, काका पोरगी लई हुशार आहे तुमची, सांभाळा, रात्रीची एकटी येते स्कूटीवर, रस्ता किती खराब आहे तो. एवढंच बोलून गेला. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो मनू, हात जोडले सवयीनं. आणि रात्री तुझ्यावर ओरडलो की ग्रामपंचायतीच्या कामांवरचं हे माहिती अधिकाराचं लचांड आधी बंद कर. त्याला जे बोलायला पाहिजे होतं ते तुला बोललो.

भीतीचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण डोक्यातून जात नाही. तळेगावचे सतीश शेट्टी, जमिनींचे घोटाळे बाहेर काढायचे माहिती अधिकारातून, 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघाले होते तेव्हा त्यांना मारलं. दिवसाढवळ्या. मी तेव्हा ऑफिसात पेपर वाचला आणि टेबलावरच्या सगळ्यांनी वाचला आणि कोणी एक शब्द बोललं नाही, दुपारी डबे खाल्ले नेहमीसारखे. असं उघड करणाऱ्यांना संरक्षण द्यायचा कायदा 2014 ला संसदेत पास झाला पण तो लागूच केला नाही. म्हणून म्हणतो रात्री एकटी येऊ नकोस. सातनंतर निघायचंच नाही, राहा तिथंच मैत्रिणीकडे.

झालं, परत तेच लिहिलं. सॉरी.

तू रविवारी म्हणालीस पप्पा तुम्हाला काय माहितीय हे कसं चालतं. मनू, मला सगळं माहितीय. सरकारी बांधकामाच्या टेबलावर एकोणतीस वर्षं काढली मी. रस्त्यावर खडी कमी पडते ते सगळ्यांना दिसतं, पण चोरी पूर्ण होते कागदावर, मोजमाप पुस्तिकेत, ज्याला आम्ही एमबी म्हणायचो. जाग्यावर दहा सेंटीमीटर थर असतो आणि एमबीत पंधरा लिहितात, खाली सही, मग चेकिंगची सही, मग बिल, आणि प्रत्येक टेबलावर टक्केवारी ठरलेली. एकदा एमबीत आलं की ते खरं. नंतर कोणी रस्ता उकरून बघत नाही.

1998 ची गोष्ट आहे, इतकी वर्षं तुझ्या आईला पण सांगितली नव्हती. एका ओढ्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, एमबीत पूर्ण झालेली होती, पाइप, काँक्रीट, दोन्ही बाजूंची भिंत, सगळी मापं व्यवस्थित. जाग्यावर काहीच नव्हतं. मला माहीत होतं कारण त्याच आठवड्यात मी त्या वाटेनं गेलो होतो. साहेब म्हणाले बिल तयार करा. मी केलं. पैसे घेतले नाहीत, पाकीट परत केलं, त्यावर कितीतरी वर्षं मी स्वतःला इमानदार समजत आलो. सही मात्र केली. पुढच्या पावसाळ्यात पत्रिका द्यायला त्याच गावात गेलो तर शाळेची पोरं दप्तर डोक्यावर धरून त्या ओढ्यातनं कमरेएवढ्या पाण्यात चालली होती, मोठी पोरं लहानांचे हात धरून. मी पलीकडे थांबलो पोरं पार होईपर्यंत आणि मग पत्रिका न देताच परत आलो. दादाचं नाव त्याच वर्षी पहिलीत घातलं होतं.

आणि 2011 आठव. अण्णांचं रामलीला मैदानावरचं उपोषण, आपल्याकडे पण मेणबत्त्या घेऊन लोक निघाले, तू माझं बोट धरून पुढं, डोक्यावर 'मी अण्णा' लिहिलेली टोपी. आठवडाभर काढली नाहीस, झोपतानाही. ती टोपी आक्काच्या ट्रंकेत आहे अजून. त्या रात्री मी पण घोषणा दिल्या, मनापासून दिल्या, खरंच वाटत होतं आता बदलणार, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला टेबलावर तेच. ज्याच्यासाठी ते उपोषण होतं तो लोकपालचा कायदा 2013 च्या डिसेंबरात पास झाला आणि पहिले लोकपाल नेमायला 2019 चा मार्च उजाडला, तोपर्यंत आमच्यातले बरेच जण रिटायर झाले. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस? "तुम्ही दिल्लीकडे बघत बसलात, मी ग्रामपंचायतीकडे बघते." मी वरून रागावलो पण आतून अभिमान वाटला, इतका की रात्री आईला दोनदा सांगितलं. ती म्हणाली मग तिला का नाही सांगत.

तर आता सांगतो. तू करतेयस ते बरोबर आहे. पण नीट कर. तुझ्या अर्जाची कॉपी आईनं दाखवली. त्यात तू रस्ता, पाण्याची टाकी, घरकुल, दिवाबत्ती सगळं एकत्र घातलंयस. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, तेवढ्यावर ते अर्ज बाजूला ठेवतील. फक्त शाळेकडचा सिमेंट रस्ता घे. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी, बिलं, पूर्णत्वाचा दाखला, या पाचांच्या साक्षांकित प्रती, एवढंच माग. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यानंतरच्या 30 दिवसांत पहिलं अपील, तारीख चुकवू नकोस, दहा रुपयांचं तिकीट लावलेल्या अर्जावर आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नकोस. माहिती अधिकाराच्या कलम 2 मध्ये कामाची पाहणी करायचा आणि मालाचा नमुना घ्यायचा पण हक्क दिलाय, हे फार लोकांना माहीत नसतं. आणि कोणी म्हणालं या ताई बसून मिटवू, तर बसायचं नाही, सांगून ठेवतो, चहासुद्धा घ्यायचा नाही, तुझी सवय आहे कोणी बोलावलं की जायची, लहानपणापासून...

लेक्चर झालं. माफ कर. तुला यातलं बरंचसं येत असेल.

एक मात्र ऐकच. हा अर्ज तुझ्या एकटीच्या नावावर राहू देऊ नकोस. बचत गटातल्या बायकांना घे, प्रत्येकीचा वेगळा अर्ज, त्याच रस्त्याचा. एक नाव असलं की पांढरी गाडी एका दारात येते, वीस दारांत कशी जाईल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून गावागावांत जनसुनवाया घेतल्या, मजुरांच्या हजेरीच्या मस्टरवरची नावं आणि बिलं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, आणि ज्याच्या नावानं मजुरी काढली तोच माणूस उठून सांगायचा मला पैसे मिळालेच नाहीत. तिथूनच पुढं हा माहितीचा कायदा आला. तू पण कागद हातात आले की 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाच. शाळेतल्या भाषणासारखं घाईत नको, एकेक आकडा. आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवाराचं शपथपत्र पण असंच वाचून दाखवा, मालमत्ता किती, गुन्हे किती, ते तर 2003 पासून द्यावंच लागतं, गावात कोणी बघतच नाही. मागच्या वेळी आदल्या रात्री पाकीट आलं तेव्हा तुझ्या आईनं ते दारातूनच परत केलं होतं, मी आत टीव्हीचा आवाज वाढवून बसलो होतो. तू तिच्यावर गेलीस.

गुरुवारी तालुक्याला एमबी बघायला बोलावलंय ना तुला. मी आठच्या गाडीनं येतोय. तू नको म्हणालीस तरी येतोय. पहिल्या तासाची पाहणी फुकट असते, तेवढ्यात मी पन्नास पानं बघीन, खाडाखोड कुठं असते, कुठलं माप मागून घुसडलेलं असतं ते मला अंगठ्यानं कळतं. पेन्शनचं काय होईल ते होवो, आईशी बोललोय, ती म्हणाली जा. मोरीचंही तिला तेव्हाच सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून जेवायला वाढलं.

गेटजवळ त्या झेरॉक्सच्या दुकानापाशी थांब, मी आल्याशिवाय वर जाऊ नकोस, दहा मिनिटं उशीर झाला तरी नको. आणि माझा जवळचा चष्मा तुझ्या निळ्या बॅगेत राहिलाय बहुतेक, तेवढा आठवणीनं आण, एमबीतलं अक्षर बारीक असतं.

तुझा,
पप्पा