मार्च एंडला फुललेला मोगरा

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही ‘बरं बरं, ती झारी दे इकडे’ म्हणून विषय संपवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतील तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

बँकेतल्या माणसाचा मार्च कसा जातो हे तुम्हाला सांगायला नको. मार्चअखेरची बिलं तुम्हीही कृषी खात्यात जन्मभर काढलीत. रात्री साडेनऊला घरी यायचं आणि जेवतानाही डोक्यात थकीत कर्जांची यादी. सुट्टीच्या दिवशी मी लोळत मोबाईल बघायचे आणि संध्याकाळी सकाळपेक्षा जास्त दमलेली असायचे. ‘जरा आराम कर’ म्हणणारे पुष्कळ भेटले. तुम्ही मात्र गच्चीवर बोलावून हातात कात्री दिलीत.

जानेवारी संपत आला होता. ‘मोगऱ्याचं पाणी तोडलंय, आता छाटायचा,’ म्हणालात. चांगली हिरवी फांदी दीड फुटावर कापायला माझा हात धजेना. आधी झाड तहानेलं ठेवायचं, मग छाटायचं, उरलीसुरली पानंही काढून टाकायची, आणि त्यानंतर शेणखत, निंबोळी पेंड घालून पाणी सुरू करायचं. हा काय छळवाद, असंच वाटलं मला. पण मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. ती फूट येऊन कळ्या धरेपर्यंत मार्च उजाडतो! माझ्या वर्षातला सगळ्यात भिकार महिना आणि मोगऱ्याचा बहर एकदमच यावेत, ही योजना तुमची की झाडाची, हे अजून विचारलेलं नाही.

एकदा बटमोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडली. तुम्ही एक पान उन्हाकडे धरून दाखवलंत: शिरा हिरव्यागार, मधला भाग पिवळा. ‘लोह कमी पडतंय. मातीत आहे, पण आपल्या बोअरच्या जड पाण्याने मुळांना ते उचलता येत नाही.’ लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (म्हणजे फेरस सल्फेट), ऊन उतरल्यावर फवारणी. मग नव्या पानांवर हिरवा रंग चढतोय का, हे बघायला मी रोज ऑफिसला निघण्याआधी वर यायला लागले. तेवढा वेळ बँक आठवत नसे. हे लक्षात आलं तेव्हा जिन्यातच थांबले होते.

नेदरलँड्समधला २०११चा प्रयोग तुम्हाला वाचून दाखवला होता, आठवतो? लोकांना आधी डोकं शिणवणारं काम दिलं, मग काहींना अर्धा तास बागेत पाठवलं, काहींना घरात वाचत बसवलं. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोन्हीकडे उतरलं, पण बागेतल्यांचं जास्त. मनःस्थिती पूर्ववत झाली तीही बागेतल्यांचीच. वाचनाची बाजू पडली म्हणून मी जराशी हिरमुसले. तुम्ही म्हणालात, ‘त्यांना गवत उपटायला लावलं असेल. मोगरा दिला असता तर आकडे आणखी उतरले असते.’

काकूंचेही आभार, गजऱ्यासाठी. टपोऱ्या पांढऱ्या, पण अजून मिटलेल्या कळ्या संध्याकाळी खुडायच्या. हिरवट ठेवायच्या, त्या उमलत नाहीत. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, देठ समोरासमोर, भिजवलेल्या केळीच्या सोपाचा फास बेताने ओढायचा, नाहीतर देठ तुटतो. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे मोबाईल उचलता येत नाही, हा गजऱ्याचा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो.

हल्ली छंदाचीही शर्यत झालीय. कुणाच्या गच्चीवर ड्रॅगन फ्रूट, कुणाचे किती फॉलोअर. तुमच्या वहीत छाटणीची तारीख, पहिल्या कळीची तारीख आणि ‘शिंजीर आला’ (फुलांतला मध पिणारा तो चिमुकला पक्षी) एवढंच असतं. मीही तशी वही ठेवलीय.

आणि माझं काय बिनसलंय, हे तुम्ही कधीच विचारलं नाहीत. त्याबद्दल तर जास्तच आभार.

हिराकस संपत आलंय, शनिवारी कृषी सेवा केंद्रातून आणते. डॉक्टरांनी तुम्हाला जिना नको म्हटलंय, तेव्हा पाणी मी घालीन. काय चुकतंय ते खालून ओरडून सांगा, तेवढं तुम्हाला जमेलच.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची बँकवाली