बाबा, ते पॉइंट घेऊ नका

एडिसन, न्यू जर्सी
५ डिसेंबर २०२१

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. आवाज तुटत होता हे खरं, पण मीही गप्प झाले होते. विषय होता जानेवारीत ऑर्लँडोच्या डिस्ने रिसॉर्टमध्ये राहायला तुम्ही ग्रुपवरच्या एका गृहस्थांकडून घेणार असलेल्या पॉइंटचा. बाबा, तुम्ही म्हणालात, "अगं, मागच्या वेळी सगळे पैसे परत आलेच होते की. मग आता कसली भीती?" त्यावर मला काही बोलवेना. म्हणून आज लिहिते आहे. फोनवर तुम्ही विषय बदलता, पत्र मात्र पेन्सिल घेऊन दोनदा वाचता, हे मला ठाऊक आहे.

ते पैसे परत आले नव्हते. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.

२०२० च्या मे महिन्यात तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. तुम्ही एप्रिलअखेर इकडे यायचं, ११ मेपासून पाच रात्री आपण पाच जणांनी ऑर्लँडोला डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये राहायचं, असा बेत आम्ही ऑक्टोबर २०१९ मध्येच पक्का केला होता. स्वयंपाकघर असलेली मोठी खोली थेट हॉटेलकडून घेतली तर फार महाग पडत होती. ऑफिसातल्या एकीने सांगितलं, टाइमशेअरच्या, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहायचा हक्क घेतलेल्या मालकांकडून पॉइंट भाड्याने घे, त्या पॉइंटवर खोली मिळते, निम्म्यात काम होतं. मी एका दलालामार्फत १३० पॉइंट घेतले, १६ डॉलरला एक. २,०८० डॉलर झाले, तेव्हाच्या हिशेबाने जवळपास दीड लाख रुपये. करारात लिहिलं होतं की कोणत्याही कारणाने रद्द केलं तरी पैसे परत नाहीत. मी ते वाचलं आणि सही केली. आपण रद्द करणारच नाही आहोत, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मग मार्च आला आणि कोरोना. १२ मार्चला डिस्नेने पार्क बंद करायचं जाहीर केलं, १६ पासून ते बंद झाले आणि २० तारखेला हॉटेलंही. इकडून मी रोज बातम्या बघत होते, तिकडे तुमचं विमानच उडणार नव्हतं. एप्रिलमध्ये रिसॉर्टने मे महिन्यातली बुकिंग रद्द केली. तेव्हा मला वाटलं होतं, आपण कुठे रद्द केलंय, त्यांनीच दार लावलंय, म्हणजे पैसे येतील.

बाबा, इथेच सगळी गोम आहे. रिसॉर्टने बुकिंग रद्द केल्याचं पत्र मला आलंच नाही, ज्या बाईचे ते पॉइंट होते त्या मालकिणीला गेलं. मी फोन केला तर पलीकडच्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितलं की आम्ही फक्त सदस्यांशी, म्हणजे पॉइंटच्या मालकांशी बोलतो. पॉइंट जिथून आले होते तिथे, म्हणजे मालकिणीच्या खात्यात, परत गेले. रिसॉर्टच्या दृष्टीने हिशेब पूर्ण झाला. माझे डॉलर त्यांच्याकडे कधी गेलेच नव्हते, ते परत कुठून देणार?

आपल्या शनिवार पेठेतल्या वाड्यात खालच्या खोलीत राहणारे मास्तर आठवतात? मूळ भाडेकरूच्या हातात दर महिन्याला भाडं ठेवायचे, पावती नाही, मालकाच्या वहीत नाव नाही. वाडा पाडायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाला, मी यांना ओळखत नाही. तुम्हीच त्यांच्यासाठी रात्री बसून अर्ज लिहिला होता आणि आईला म्हणाला होता, पोटभाडेकरूला कोणी वाली नसतो. ऑर्लँडोच्या त्या व्यवहारात मी पोटभाडेकरू होते.

मालकिणीशी मी एकदा बोलले. ती काही लबाड नव्हती. तिचंही काम गेलं होतं. टाइमशेअरच्या मालकाला दरवर्षी देखभालीचं शुल्क भरावंच लागतं, तो तिथे राहो न राहो, रिसॉर्ट उघडं असो वा बंद. माझे पैसे तिने त्यातच भरून टाकले होते. ती रडत होती आणि मी तिची समजूत काढत होते. दलालाने शेवटी एक व्हाउचर दिलं, वर्षभराच्या मुदतीचं, मे २०२१ अखेरपर्यंत वापरायचं.

त्याच मे महिन्याच्या ४ तारखेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना दार लावलं. त्या आठवड्यात मी व्हाउचरचा विचारही केला नाही. तेव्हा मी इथून रात्र-रात्र साताऱ्यातल्या आणि कराडातल्या दवाखान्यांना फोन लावत होते, अण्णाकाकांसाठी ऑक्सिजनचा बेड मिळतो का म्हणून. ते गेले त्यानंतर कधीतरी जूनमध्ये लक्षात आलं की व्हाउचरची मुदत संपली.

तुम्हाला आधीच, २०२० च्या उन्हाळ्यात, "रिफंड आला" असं सांगून टाकलं होतं, कारण तुम्ही रोज विचारत होता आणि तुमच्या आवाजात अपराधीपणा होता, जणू तुमच्यामुळे माझं नुकसान झालं. मला तो आवाज ऐकवत नव्हता. पण आता त्याच खोट्यावर विसंबून तुम्ही पुन्हा पैसे घालायला निघालात, तेव्हा ते उघड करणं भाग आहे. मला माफ करा.

आता तुमच्या ग्रुपवरच्या त्या गृहस्थांच्या पॉइंटविषयी. तुम्ही पाठवलेला मेसेज मी नीट वाचला. २४ ते २९ जानेवारी, १२० पॉइंट, ११ डॉलरला एक, अर्धे पैसे लगेच, बाकीचे आठवड्यात. एरवी हे पॉइंट अठरा-वीस डॉलरला जातात. इतके स्वस्त का, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा होता. चौतीस वर्षं जिल्हा बँकेत तुम्ही दुसऱ्यांना तोच तर विचारत आलात.

त्याचं उत्तर त्यांच्याच मेसेजमध्ये आहे. त्यांचं पॉइंटचं वर्ष फेब्रुवारीला सुरू होतं, असं त्यांनी लिहिलंय. डिस्नेच्या या टाइमशेअर क्लबमध्ये प्रत्येक सदस्याचं असं एक वर्ष ठरलेलं असतं. त्या वर्षाचे पॉइंट पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचे तर पहिल्या आठ महिन्यांतच सांगावं लागतं. फेब्रुवारीवाल्यांची ती मुदत ३० सप्टेंबरला संपली. म्हणजे हे पॉइंट आता पुढे ढकलता येत नाहीत आणि ३१ जानेवारीला ते मरतात. सकाळपर्यंत नासणारं दूध गवळी संध्याकाळी निम्म्या भावात देतो, तसंच हे. दुधाचं निदान आई रात्रीत पनीर करेल. यांचं काही होत नाही.

समजा, २० जानेवारीला तुमच्यापैकी एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. साधी सर्दी असली तरी विमानात घेणार नाहीत. तेव्हा त्या गृहस्थांची कितीही इच्छा असली तरी ते तुम्हाला फेब्रुवारीतली किंवा मे महिन्यातली तारीख देऊ शकणार नाहीत, कारण द्यायला पॉइंटच उरलेले नसतील. त्यातून मुक्कामाला महिन्याहून कमी दिवस उरले असताना बुकिंग रद्द केलं तर सुटलेले पॉइंट एका वेगळ्या खात्यात पडतात. तिथून पुढच्या साठ दिवसांतलीच खोली घेता येते आणि शिवाय ३१ जानेवारीची मर्यादा आहेच. एरवीच्या दिवसांत, तब्येती धडधाकट असताना, कोणी असे पॉइंट घेतले तर मी काही म्हणणार नाही. पुष्कळ लोकांच्या सहली त्यावर छान होतात. पण या साथीत कोणत्याही तारखेचा भरवसा नाही, आणि ज्याची तारीख हलवताच येत नाही अशा वस्तूला आपण पैसे मोजणार आहोत.

आणि साथ काही संपलेली नाही हो. ८ नोव्हेंबरला लस घेतलेल्यांसाठी दार उघडलं तेव्हा मीही नाचले होते, सईने आजी-आजोबांच्या खोलीच्या दारावर चित्रं चिकटवली. त्यानंतर तीन आठवड्यांत ओमिक्रॉन आला. १ डिसेंबरला अमेरिकेतला पहिला रुग्ण कळला, आणि काल कल्याण-डोंबिवलीत आपल्या राज्यातला पहिला. मावशीकडे तर हाकेच्या अंतरावर! १५ डिसेंबरपासून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं सुरू होणार होती, तेही पुढे ढकललं. उद्यापासून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला विमानाच्या आदल्या दिवसाच्या आतली चाचणी लागणार आहे, लस घेतली असली तरी. आधी तीन दिवस मिळत होते. साताऱ्याहून मुंबईला येऊन, चाचणी करून, अहवाल हातात घेऊन रात्रीचं विमान गाठायचं, आणि आईच्या गुडघ्यांनिशी! आठवडाभरात एवढं बदललं. जानेवारीअखेर काय असेल ते आज कोण सांगेल?

विमा काढू, असं तुम्ही म्हणालात. मी चौकशी केली. साधा प्रवास-विमा "साथ वाढली म्हणून नाही गेलो" या कारणाला पैसे देत नाही. कोणत्याही कारणाने रद्द केलं तरी चालेल असा एक महागडा प्रकार इथे मिळतो, पण तोही बहुतेक वेळा खर्चाच्या अर्ध्यापासून पाऊणपर्यंतच देतो आणि पहिले पैसे भरल्यापासून थोड्या दिवसांतच घ्यावा लागतो. शिवाय विमा कंपनीला पावती लागते. ग्रुपवरच्या माणसाची पावती म्हणून काय दाखवणार, त्याचा मेसेज?

बाबा, तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो कुलकर्णीकाकांच्या भाच्याच्या ओळखीचा आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. खोली तुमच्या नावाने लावली तरी तिची चावी शेवटपर्यंत त्याच्याच हातात राहते. तारीख बदलणं, नाव काढणं, रद्द करणं, सगळं फक्त तोच करू शकतो, तुम्ही विमानात असतानाही. त्याने वर्षाचं शुल्क थकवलं असलं तर? ते आपल्याला तपासता येत नाही. आणि त्याला पैसे हवेत झेलवर. झेल म्हणजे इथलं यूपीआयच समजा. एकदा गेले की गेले. क्रेडिट कार्डावर निदान बँकेकडे तक्रार करता येते, इथे तीही सोय नाही.

अजून एक, जे त्याने लिहिलेलंच नाही. पार्क पुन्हा उघडल्यापासून नुसतं तिकीट पुरत नाही, ज्या दिवशी जायचं त्या दिवसाची जागाही आधी राखावी लागते. पॉइंटमध्ये यातलं काहीच येत नाही. तिकिटं वेगळी, तीही पाच जणांची.

आई, तू मागून हळूच म्हणालीस, "नाही म्हणू नकोस गं, त्यांची फार हौस आहे." मला ते ऐकू आलं. हौस मलाही आहे. बाबांना सईला त्या किल्ल्यासमोर खांद्यावर घ्यायचं होतं. तेव्हा ती चार वर्षांची होती, आता सहाची झाली, पुढच्या वर्षी कदाचित खांद्यावर बसणारही नाही. हे मला कळतं आणि त्याने माझ्याही पोटात तुटतं. पण तुमच्या दोघांच्या जिवाचं मला अण्णाकाकांनंतर फार भय वाटतं. बाबांची साखर, तुझा दमा. आधीपासूनचं दुखणं असलं की इथे पाहुण्यांसाठी मिळणारा आरोग्यविमा हात आखडता घेतो आणि एका रात्रीच्या दवाखान्याचं बिल ऑर्लँडोच्या सहलीच्या कितीतरी पट होऊ शकतं. तिकडे बूस्टर अजून सुरू झालेला नाही. तो मिळाला तर घेऊन या.

माझं म्हणणं असं. एप्रिल-मेमध्ये या. तारीख बदलता येणारं तिकीट मी इथून काढते, थोडं महाग पडलं तरी पडू दे. उतरायचं नेवार्कला आणि थेट घरी यायचं. पहिले पंधरा दिवस कुठेही जायचं नाही. त्यानंतर सगळं ठीक असलं तर ऑर्लँडोची खोली मी थेट हॉटेलकडूनच घेईन, आपल्या नावावर, मुदतीत रद्द करता येईल अशी. पाचऐवजी तीन रात्री राहू. सईचा लशीचा दुसरा डोस गेल्या आठवड्यात झाला, त्यामुळे तोपर्यंत तिचीही काळजी कमी असेल.

त्या २,०८० डॉलरची भरपाई म्हणून तुम्ही हे करताय का, बाबा? पैसे परत आले नाहीत हे तुम्ही मनातून ओळखलंच होतं का? काल तुम्ही "या वेळी खर्च माझा" असं दोनदा म्हणालात, तेव्हापासून मला तशी शंका येते आहे. तसं असेल तर ते मनातून काढून टाका. त्या पैशांचं मला दुःख झालं होतं, पण ते केव्हाच ओसरलं.

एकच गोष्ट लगेच हवी आहे. शुक्रवारी तुम्ही बँकेत गेला होतात, असं आई बोलता बोलता म्हणाली. त्या गृहस्थांना इसार म्हणून काही दिलं असेल, कुलकर्णीकाकांच्या भाच्याच्या हाती का होईना, तर किती आणि कसं ते मला आजच कळवा. मी अजिबात रागावणार नाही. दोनच दिवस झालेत, कदाचित अजून ते थांबवता येईल.

मी रात्री जागी आहे. केव्हाही फोन करा.

तुमची,
मृणाल