शेंगांना दुसरा नंबर

प्रिय मंगल,

फोनवर ‘शेंगांना दुसरा नंबर मिळाला’ एवढंच म्हटलं, तर तू अशी हसत सुटलीस की पुढचं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आमच्या अलॉटमेंटबद्दल तुला माहीतच आहे. इथं इंग्लंडात कौन्सिल लोकांना भाजी लावायला जमिनीचा तुकडा थोडक्या भाड्यानं देते. १९०८ च्या कायद्यानं ती त्यांची जबाबदारीच आहे. पुरा तुकडा साधारण २५० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात अडीच गुंठे. आमच्याकडं त्यातला अर्धा. तुझे आप्पा म्हणतील, सव्वा गुंठ्यात काय, कोथिंबीर लावता होय? म्हणू देत. डर्बीशायरच्या पावसात त्या सव्वा गुंठ्यानंही मला पुरतं दमवलंय.

तर ऑगस्टअखेर गावच्या हॉलमध्ये भाजी-फुलांचा शो असतो. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा कित्येक वर्षं त्यात कांदे मांडतात. त्यांनी नियमांची पुस्तिका माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, वाच आधी. बटाटे पाच, कांदे तीन, टोमॅटो सहा, रनर बीनच्या शेंगा नऊ. नऊ म्हणजे नऊच. एक शेंग जास्त झाली तरी परीक्षक त्या ताटलीकडं बघतसुद्धा नाही, कार्डावर ‘एन.ए.एस.’ लिहून पुढं जातो. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे नाही, विषय संपला. यंदा एका मुरलेल्या गड्याच्या ताटलीवर ते कार्ड पडलं, गाजरं मोजायला चुकला होता. सगळा हॉल त्याच्याकडं बघायचं टाळत होता, जणू घरात काही वाईट घडलंय.

आणि तयारी! कांदे महिनाभर आधी काढून शेडमध्ये वाळवायचे, माना वळवून राफियानं, म्हणजे ताडाच्या पानाच्या धाग्यानं, बांधायच्या, पण साली फार सोलायच्या नाहीत. बटाटे मऊ स्पंजनं धुवायचे, घासायचे नाहीत, नाहीतर सालीवर ओरखडे उठतात. मग परीक्षण होईपर्यंत फडक्याखाली झाकायचे, उजेडानं हिरवे पडू नयेत म्हणून. टोमॅटोचे देठ हिरवेगार हवेत आणि देठ वर करूनच मांडायचे. मटाराच्या शेंगांवरची पांढुरकी मेणचट झाक पुसली गेली तर गुण गेले, म्हणून त्या देठाला धरूनच तोडायच्या. गुणांचंही गणित आहे: मटाराला २० पैकी, मुळ्याला १० पैकी, कारण मुळा काय, कुणालाही येतो. (तुझ्या सासूबाईंना हे सांगू नकोस.)

चव? चव कुणी बघतच नाही. सुरुवातीला मला हे सगळं खुळचटच वाटलं. आपण लक्ष्मी मार्केटमध्ये भाजी घ्यायचो ती वाकडी की सरळ हे बघून नाही. आई भेंडीचं टोक मोडून बघायची, कट्‌कन तुटलं तर घ्यायची, भाजीवाली ओरडली तरी.

रनर बीन म्हणजे घेवड्याच्याच कुळातली, पण वीतभराहून लांब आणि खरबरीत. शोच्या आधी दोन-तीन दिवस टोपलीभर तोडल्या, ओल्या टॉवेलात सरळ गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर पसरून जोड्या लावत बसले. लांबी जुळली तर जाडी जुळेना, जाडी जुळली तर रंग. हे म्हणाले, मुलीसाठी स्थळं बघतानाही तू एवढा वेळ घेतला नव्हतास. पण खरं सांगू का, मंगल, नऊ सारख्या शेंगा शोधायच्या तर प्रत्येक शेंग हातात घेऊन बघावी लागते. आजवर मी भाजी नुसती तोडत होते. कुठल्या वेलाच्या शेंगा आतून आधीच जून होतात, कुठल्या बाजूला पाणी कमी पडतं, हे त्या रात्री टेबलावर कळलं.

सकाळी दहाच्या आत मांडामांड, मग सगळ्यांना बाहेर काढून दारं बंद. स्वयंसेवक म्हणून मला आत थांबायला मिळालं, फक्त तोंड बंद ठेवायचं. परीक्षक बाई उंच, गळ्यात चष्मा. माझ्या ताटलीपाशी आल्या, एक शेंग उचलली आणि सरळ मधोमध मोडली! कट्‌! माझ्या पोटात गोळा आला, पण त्यांनी मान डोलावली. कोवळी आहे की नाही, दोरा निघतो का, हे बघायची हीच रीत. मला तिथंच हसू फुटलं. आई असती तर दहा ताटल्या मोडून झाल्या असत्या.

दुसरा नंबर म्हणजे निळं कार्ड. पहिला अर्थातच आजोबांच्या मित्राचा. टोमॅटोला काही नाही, कांद्याला तर नाहीच. ‘इतर कोणतीही भाजी’ या गटात मी दुधी ठेवला होता, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या बियांचा, काचघरात वाढवलेला. नंबर नाही आला, पण बघायला गर्दी तिथंच. शेवटी उरल्या भाजीचा लिलाव होतो, त्यात तो एका निवृत्त मास्तरांनी घेतला, आणि मी पावतीच्या मागं हरभऱ्याची डाळ घालून भाजी कशी करायची ते लिहून दिलं. आठवड्यानं भेटले तेव्हा म्हणाले, डाळ भिजवायची राहिली. दातांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

आता कामाचं. पुढच्या वर्षी मला वांग्याच्या गटात उतरायचंय. बी पाठवू नकोस, रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय इथं येऊ देत नाहीत. मी इथलंच लावीन. पण आप्पांना विचार, कृष्णाकाठच्या वांग्याचा शेंडा ते कधी खुडतात, आणि एका झाडावर किती फळं ठेवली तर ती सारख्या आकाराची येतात. नीट विचारून लिही, ते ‘अंदाजानं’ म्हणतील, ते चालणार नाही. मला तीन हवीत, सारखी.

तुझी,
शुभा